प्राण्यांवरील चाचण्या : गरज, कायदा आणि ख्रिस्ती विवेक

भंडारा जिल्ह्यात पाऊस स्थिरावला की धानाच्या बांध्यांत रोवणी सुरू होते. तुमसरपासून पवनीपर्यंत आणि साकोलीपासून लाखांदूरपर्यंत मजूर स्त्री-पुरुष दिवसभर चिखलात वाकून रोपे लावतात. दिवाळीच्या सुमारास त्याच बांध्यांत विळा घेऊन कापणी करतात. उंदरांच्या मागावर आलेले नाग, मण्यार आणि घोणस बांधावर, गवतात आणि कापलेल्या धानाच्या ढिगाखाली दडून बसतात. अशा विषारी सापाचा दंश झाला, तर रुग्णाला वाचवणारे खात्रीचे औषध एकच आहे, ते म्हणजे सर्पविषावरील प्रतिविष. लोक त्याला 'सापाची लस' म्हणतात. हे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते आणि कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्याची शक्ती पांढऱ्या उंदरांवर तपासली जाते. ज्याच्या घरातील माणूस या औषधाने वाचला, त्यालाही बहुधा हे ठाऊक नसते.

त्याच घरातील फळीवर शाम्पूची बाटली आणि चेहऱ्याला लावण्याची क्रीमही असते. अशा वस्तूंसाठीही जगात अनेक दशके सशांच्या डोळ्यांत रसायने घातली गेली. प्राण्याला वेदना दोन्हीकडे झाली. मग दोन्ही कृत्ये नैतिक दृष्ट्या सारखीच आहेत काय? प्राण्यांवरील चाचण्यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण, आपल्या देशाचा कायदा आणि विज्ञानाची आजची स्थिती यांची माहिती या लेखात एकत्र देऊन भाविकांना या प्रश्नाचा विचार करण्यास साहाय्य करावे, असा आमचा हेतू आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराने मानवाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र मानवाला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले आहे. ही सत्ता मालकाची नसून कारभाऱ्याची आहे, असे ख्रिस्तसभा या दोन्ही अध्यायांवरून शिकवते. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, असा नियम अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हे नीतिमान माणसाचे लक्षण सांगितले आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणाऱ्या आपल्या प्रदेशात या वचनांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रभू येशूने चिमण्यांचा दाखला देताना दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या : पित्याला प्रत्येक चिमणीची खबर असते आणि माणसाचे मोल अनेक चिमण्यांहून अधिक आहे. आपल्या विषयाचे दोन्ही पदर या एका शिकवणीत आले आहेत.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१५ ते २४१८ या विषयाला दिलेले आहेत. त्यांचा आशय असा : प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून मानवाने त्यांच्याशी दयेने वागणे बंधनकारक आहे. अन्न आणि वस्त्र यांसाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मानवी जीवांची शुश्रूषा किंवा रक्षण होत असेल, तर वाजवी मर्यादेत राहून प्राण्यांवर वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोग करणे नैतिक दृष्ट्या ग्राह्य आहे. त्यांना विनाकारण वेदना देणे किंवा मारणे मात्र मानवाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे. मानवी दुःखनिवारणासाठी जो पैसा प्रथम खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे उचित नाही, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे.

या शिकवणीत दोन अटी आहेत. चाचणीचा हेतू जीवरक्षणाचा असावा आणि ती वाजवी मर्यादेत असावी. पहिली अट पूर्ण झाली म्हणजे दुसरी आपोआप पूर्ण होते, असे नव्हे.

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नावर सर्वांचे एकमत होते असेही नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी मानवाला प्राण्यांचा उपयोग करण्याचा अधिकार मान्य केला, परंतु जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा दिला. वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल हेन्री मॅनिंग यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांच्या विच्छेदनाला उघड विरोध केला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात धर्मशिक्षण ग्रंथातील प्रयोगांविषयीच्या शिकवणीचा पुनरुच्चार केला. कोणत्याही जिवाविषयी दाखवलेला निष्ठुरपणा अखेर माणसांशी असलेल्या आपल्या वागण्यात उतरतो, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

प्रतिविष कसे तयार होते

जीवरक्षण आणि वाजवी मर्यादा या दोन अटींचा अर्थ प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतो. म्हणून आमच्या जिल्ह्याला सर्वांत जवळच्या उदाहरणाकडे, सर्पदंशाकडे, पुन्हा वळू.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. मृतांत शेतकरी व शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांची सहकारी संस्था पुरवते. हे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचले जाते आणि मात्रा हळूहळू वाढवली जाते. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी प्रथिने तयार होतात. ठरावीक काळाने त्याचे थोडे रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा केला जातो व शुद्ध करून कुपीत भरला जातो. महाराष्ट्रात हे काम शासनाचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ करत आले आहे.

यानंतर उंदरांची पाळी येते. भारतीय औषधसंहितेनुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे लागते. ही शक्ती मोजण्यासाठी विष आणि प्रतिविष निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून उंदरांच्या गटांना टोचतात आणि त्यांपैकी किती जगतात हे पाहतात. काही उंदीर अटळपणे मरतात. ही चाचणी वगळली, तर रोवणीतून उचलून आणलेल्या बाईला दिलेल्या कुपीत औषध आहे की नुसते पाणी, हे कोणीही सांगू शकणार नाही.

येथे पहिली अट निःसंशय पूर्ण होते. दुसऱ्या अटीचे काय? घोड्याला पुरेसा चारा, विश्रांती आणि पशुवैद्याची देखरेख मिळते का? दोन वेळच्या रक्तसंकलनांत पुरेसे अंतर असते का? थकलेल्या घोड्याला निवृत्ती मिळते का? मरणपंथाला लागलेल्या उंदराला वेदनेत तडफडत ठेवले जाते का? वाजवी मर्यादा या प्रश्नांच्या उत्तरांत असते. औषध पवित्र कार्यासाठी आहे म्हणून घोडशाळेतील हयगय क्षम्य ठरत नाही.

हाफकिन यांचा धडा

ज्यांचे नाव या महामंडळाला दिले आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली. प्रथम ती सशांवर वापरून पाहिली. त्यानंतर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. सशावर जे लादले ते सोसण्यास ते स्वतः तयार होते. प्रयोग करणाऱ्याच्या अंगी असा संकोच आणि अशी जबाबदारी असावी, अशी अपेक्षा आपण आजही बाळगली पाहिजे.

एकच विष, तीन दुर्घटना

प्राण्यांवर चाचणी झाली म्हणजे औषध सुरक्षित झाले, असा समज सर्वसामान्यांत आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

१९३७ साली अमेरिकेत एक पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. विक्रीपूर्वी त्याची कोणतीही सुरक्षा चाचणी झाली नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक बालके होती. त्याचा परिणाम म्हणून पुढच्याच वर्षी अमेरिकेत नवीन औषधाची सुरक्षितता विक्रीपूर्वी सिद्ध करणे कायद्याने बंधनकारक झाले. औषधांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना जे कायदेशीर अधिष्ठान मिळाले, त्याचे एक मूळ या दुर्घटनेत आहे. त्या वेळी काही उंदरांवर चाचणी झाली असती, तर ती बालके वाचली असती.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून हेच विष बालकांच्या पोटात गेले. वीसहून अधिक बालके मरण पावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. भंडाऱ्याचे लोक गंभीर दुखण्यात ज्या शहराचा आधार घेतात, त्याच शहरात त्या मातांनी आपली मुले गमावली.

मुंबई आणि छिंदवाडा येथे प्राण्यांवरील चाचणी राहून गेली म्हणून माणसे मेली नाहीत. हे विष आता गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर कोणत्याही प्राण्याला न दुखवता ओळखता येते. ती साधी तपासणी प्रामाणिकपणे झाली नाही, म्हणून ती माणसे मेली. हजार सशांचा बळी दिला तरी निष्काळजी कारखानदाराची आणि झोपलेल्या निरीक्षकाची भरपाई होत नाही.

प्राण्यांवरील चाचणीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली बाजारात आले. गर्भवती प्राण्यांवर त्याची पुरेशी परीक्षा झाली नव्हती. हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मल्यानंतर १९६१ साली ते मागे घेण्यात आले. नंतर असे दिसले, की त्याचा गर्भावरील परिणाम सशात आणि माकडात स्पष्ट दिसतो, उंदरात तितका दिसत नाही. प्राण्याचे शरीर माणसाच्या शरीराविषयी पुष्कळ सांगते, पण सर्व काही सांगत नाही.

नागपूर परिसरातील माकडे

कोविडच्या साथीत हा प्रश्न विदर्भाच्या दाराशी आला. २०२० साली कोव्हॅक्सिन ही लस माणसांना देण्यापूर्वी तिची परीक्षा माकडांवर करण्याचे ठरले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी २०२१ साली लिहिलेल्या पुस्तकात या शोधाची हकीकत दिली आहे. टाळेबंदीमुळे माणसांकडून मिळणारे खाणे बंद झालेली लाल तोंडाची माकडे रानात पांगली होती. वन विभागाच्या मदतीने पुष्कळ शोध घेतल्यावर ती नागपूर परिसरात सापडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत अशा २० माकडांवर, पाच-पाचचे चार गट करून, ही परीक्षा झाली. लस दिलेल्या माकडांच्या फुप्फुसांचे विषाणूपासून रक्षण झाल्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ३ जानेवारी २०२१ रोजी या लसीला आपत्कालीन वापरासाठी मर्यादित परवानगी मिळाली.

धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांनी त्या साथीत आपली माणसे गमावली, त्यांच्यासमोर ही वीस माकडे जास्त होती की कमी, असा हिशेब मांडणे अवघड आहे. आम्हांला एवढेच म्हणावेसे वाटते, की आपल्यापैकी ज्यांनी ती लस घेतली, त्यांनी त्या मुक्या जिवांचे ऋण मनात ठेवावे. कृतज्ञतेची भावना जागी असली, तर अनावश्यक प्रयोगांविषयी मन आपोआप सावध होते.

प्रसाधने : जेथे गरज नाही

सौंदर्यप्रसाधनांची गोष्ट वेगळी आहे. १९४४ साली अमेरिकेतील जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी प्रचारात आणली. तीत सशाच्या डोळ्यात किंवा भादरलेल्या कातडीवर रसायन टाकून किती दाह होतो हे दिवसेंदिवस पाहिले जाई. माणसाच्या डोळ्याला इजा होऊ नये हा तिचा हेतू वाईट नव्हता. परंतु नव्या सुगंधाचा शाम्पू किंवा नव्या रंगाची लिपस्टिक बाजारात आली नाही, तर कोणाचा जीव जात नाही. तेथे धर्मशिक्षण ग्रंथाची पहिली अटच पूर्ण होत नाही.

युरोपीय संघाने प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री २०१३ साली पूर्णतः बंद केली. भारताने २०१४ साली दोन टप्प्यांत तसेच पाऊल उचलले. औषधे व प्रसाधने नियमावलीत दुरुस्ती करून प्रथम देशात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली, आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीसही मनाई केली. ही बंदी प्रसाधनांपुरती आहे. फरशी पुसण्याचे द्रव, कीटकनाशके, धुलाईची रसायने यांना ती लागू नाही, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याचे चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. जीवन वाचवण्यास, वाढवण्यास किंवा दुःख कमी करण्यास उपयोगी अशा ज्ञानासाठी केलेले प्रयोग हा कायदा बेकायदा ठरवत नाही. मात्र त्यांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याची तरतूद करतो. शक्य तेथे गुंगीचे औषध द्यावे, लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी शिकवता येत असेल तर प्रयोग टाळावा, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, अशी पथ्ये त्यात आहेत. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि नैतिक समिती बंधनकारक केली. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरील चाचण्या, सूक्ष्म कृत्रिम अवयव व संगणकीय पद्धती यांनाही मान्यता मिळाली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये औषध-मंजुरीसाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढून टाकली.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य पद्धत वापरावी, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. त्यानुसार बरेच काम झाले आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर रसायनाचा दाह तपासता येतो. इंजेक्शनमध्ये ताप आणणारे दूषित द्रव्य आहे का, हे पूर्वी सशाला टोचून पाहत. आता अनेक औषधांसाठी ती तपासणी काचनलिकेत होते. २०२४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने नाग-मण्यार कुळातील सापांच्या एका प्रमुख विषगटावर चालणारे मानवी प्रतिपिंड घोड्याविना तयार करण्यात यश आले. त्याचीही परीक्षा उंदरांवर करावी लागली. यावरून प्राण्यांविना वैद्यक ही वाट सुरू झाली आहे, पण संपलेली नाही, हे दिसते.

पर्याय निवडतानाही ख्रिस्ती विवेक जागा हवा. कोव्हॅक्सिनचा विषाणू ज्या व्हेरो पेशींत वाढवला, त्या १९६२ साली एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवल्या असून आजवर वाढत आहेत. दुसऱ्या काही पेशीमालिका मात्र गर्भपात केलेल्या मानवी गर्भापासून घेतलेल्या आहेत. उंदीर वाचवण्यासाठी मानवी गर्भाचे मोल विसरता येत नाही. अन्य लस उपलब्ध नसेल तर अशा पेशींच्या साहाय्याने बनलेली कोविडची लस घेण्यास श्रद्धासिद्धांत परिषदेने २१ डिसेंबर २०२० रोजी अनुमती दिली. त्याच वेळी नैतिक दृष्ट्या निर्दोष लसी तयार करण्याचे आवाहन औषधनिर्मात्यांना व शासनांना केले.

भाविकांनी काय करावे

प्रयोगशाळेतील निर्णय आपल्या हाती नाहीत. परंतु पुढील गोष्टी प्रत्येक धर्मग्रामात करता येतील.

१) आवश्यक औषध किंवा लस प्राण्यांवर तपासलेली आहे, या कारणास्तव नाकारू नये, विशेषतः बालकांच्या बाबतीत. ख्रिस्तसभेची शिकवण तसे सांगत नाही.

२) सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. जखम कापू नये, चोखू नये, अवयव करकचून बांधू नये. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. रुग्ण उशिरा पोहोचला, तर घोड्याचे रक्त आणि उंदराचा जीव दोन्ही वाया जातात.

३) दंश टाळावा. शेतात शक्य तेथे उंच बूट घालावेत, ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे, अंधारात बॅटरी वापरावी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपावे. प्राण्यांची संख्या कमी करावी, हे शास्त्रज्ञांचे तत्त्व आपल्या बांधीतही पाळता येते. जितके दंश कमी, तितके प्रतिविष कमी लागेल आणि तितके प्राणी वाचतील. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली आहे. तिच्या प्रचाराला धर्मग्रामातील महिला मंडळे व युवक संघ हातभार लावू शकतात.

४) घरगुती वस्तू घेताना प्राण्यांवर चाचणी न केल्याची खूण असलेली वस्तू परवडत असेल तर घ्यावी. न परवडल्यास मनाला लावून घेऊ नये. त्याहून सोपा उपाय म्हणजे अनावश्यक वस्तू घेऊच नयेत.

५) विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा विषय समजावून द्यावा. पर्यायी पद्धतींवर संशोधन करणे हीसुद्धा ख्रिस्ती सेवा आहे.

समारोप

१ सप्टेंबरच्या सृष्टी-प्रार्थनादिनापासून असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या ४ ऑक्टोबरच्या सणापर्यंतचा काळ ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ म्हणून पाळते. आपल्याकडे पोळाही याच सुमारास येतो आणि बांध्यांत धान लोंबीवर येत असते. या दिवसांतील विश्वासू जनांच्या प्रार्थनांत शेतात राबणाऱ्यांसाठी, रुग्णांसाठी आणि औषधे शोधणाऱ्यांसाठी आपण विनंती करतोच. त्यांबरोबर ज्या मुक्या जिवांच्या वेदनेतून आपले औषध आले, त्यांचेही स्मरण व्हावे. ती वेदना शक्य तितकी कमी करण्याची सुबुद्धी परमेश्वराने आपल्या पिढीला द्यावी, अशी प्रार्थना करू या.